हिरव्या शाईतलं ‘फेरसादर’

बाबा, यंदाच्या हिवाळी अधिवेशनात मी तुमच्या नावावर खोटं बोललो. घरात नाही, मित्रांत नाही, टीव्हीवर. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला आता डोळे मिटून बसावं लागतं. त्या दिवशी मात्र मी उघड्या डोळ्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि तुम्ही कधीच न बोललेलं वाक्य तुमच्या तोंडी घातलं. ते इतकं सफाईदार निघालं की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

तुम्हाला आधी विषय सांगायला हवा, कारण तुमच्या वेळी हे भांडण नव्हतं. तुमच्या काळात सरकारी नोकरीत लागलेल्या माणसाला निवृत्तीनंतर ठरलेली पेन्शन मिळायची आणि तो गेला की बायकोला मिळायची. पुढे नवीन लागणाऱ्यांसाठी ती बंद झाली. त्यांच्या पगारातून दर महिन्याला काही कापतात, सरकार आपला वाटा घालतं, ते सगळं बाजारात गुंतवतात आणि म्हातारपणी जे निघेल ते निघेल. मधल्या काळात त्यात बरीच डागडुजी झाली, तरी भांडण मिटलं नाही. कर्मचारी म्हणतात, जुनी परत द्या. माझ्यासारखे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे म्हणतात, तिजोरीला झेपणार नाही, आज निवडणुकीत टाळ्या मिळतील आणि पावती पोराबाळांच्या नावानं फाटेल. मी हे वर्तमानपत्रात लिहितो, म्हणून चॅनेलवाले बोलावतात. आणि खरं सांगतो बाबा, माझं गणित मला आजही बरोबर वाटतं. म्हणूनच तर जास्त लाज वाटते. बरोबर गणिताला खोट्या साक्षीदाराची गरज काय होती?

अधिवेशनाच्या दिवसांत आपलं नागपूर कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही डबा घेऊन सायकलवर सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात जायचात आणि परतताना कुठला मोर्चा कुठल्या चौकात अडवला ते आईला सांगायचात. तसंच आजही आहे. त्या दुपारी एका हिरवळीवर चॅनेलनं मांडव टाकला होता, दोन पक्षांचे दोन प्रवक्ते एकमेकांवर ओरडत होते आणि मी मध्ये बसून व्याज, कर्ज, महसूल असं काहीबाही सांगत होतो. निवेदिकेनं मला दोनदा तोडलं. तिसऱ्यांदा म्हणाली, सर, आकडे नको, घरातलं काही सांगा. आणि मी, छप्पन्न परिसंवाद गाजवलेला शहाणा माणूस, हुरळलो. म्हणालो, “माझे वडील साधे सरकारी कारकून होते. ते म्हणायचे, आपल्या म्हातारपणाचं ओझं पुढच्या पिढीवर टाकणं हे पाप आहे.” मांडव एकदम गप्प झाला. प्रवक्तेसुद्धा गप्प झाले. असली शांतता मला माझ्या कुठल्याही आकड्यानं कधी मिळवून दिली नव्हती.

तिथून हाकेच्या अंतरावर पोलिसांच्या कठड्यापाशी तुमची लाडकी लेक बसली होती. ती बुटीबोरीकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, बाबा. वर्गातली निम्मी पोरं कारखान्यांत कामाला आलेल्या परराज्यातल्या माणसांची आहेत, त्यांना ती मराठी शिकवते आणि स्वतः त्यांच्याकडून भोजपुरी शिकते. जुनी पेन्शन बंद झाल्यावर ती नोकरीत लागली, म्हणून मोर्चात होती. डोक्यावर टोपी, हातात फलक. माझं वाक्य कुणीतरी मोबाइलवर तिला दाखवलं. दाखवणारी बाई म्हणाली म्हणे, मॅडम, हे तर तुमचे भाऊ ना, मग हे वडील तुमचेच की.

आता कूलरची गोष्ट तुम्हाला आठवते का? मला ती त्या दिवसापासून सारखी आठवते आहे. तुमच्या ऑफिसात फाइलवर टिपणी लिहायची रीत होती: आधी अर्जदाराचं म्हणणं, त्याच्याच शब्दांत, मग आपला शेरा. तुम्ही ती रीत घरी आणली. मला आणि तिला काही हवं असलं तर कागदावर टिपणी सादर करायची. पहिला परिच्छेद समोरच्याच्या म्हणण्याचा, त्याखाली समोरच्याची सही, मग आपली मागणी. त्यावर तुम्ही हिरव्या शाईत शेरा मारायचात. ऑफिसात हिरवी शाई फक्त साहेबाची, तुम्हाला निळीच. घरात मात्र तुम्हीच साहेब होतात आणि आई सांबारवडी तळता तळता त्यावरून तुम्हाला चिडवायची. मी चौदा वर्षांचा असेन, ती पाचाची. उन्हाळ्यात कूलरसमोर कोणी झोपायचं हा वाद. मी टिपणी लिहिली की धाकट्या बहिणीला गार हवा बाधते, सबब ती भिंतीकडे झोपेल, हे तिला मान्य आहे. संत्र्याच्या दोन गोळ्या देऊन तिची सही घेतली. तिला तेव्हा जेमतेम नाव लिहिता यायचं.

तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून ती वाचता आहात. चष्मा वर करता. तिला हाक मारून विचारता, हे तू म्हणालीस का? ती गोळी चघळत मान हलवते, नाही. आणि मग तुम्ही माझ्याकडे वळता. तुम्ही रागावलात की आवाज चढत नसे, उलट उतरे. “तिले विचारलं का गा तू? का तिच्या वतीनं तूच बोलून राहिला?” कागदावर हिरव्या शाईत एकच शब्द लिहिलात, फेरसादर. मला तिच्यासमोर बसवलंत आणि विचारायला लावलंत. ती म्हणाली, मले कूलर नाही पाहिजे, मले बाबाजवळ झोपायचं आहे. कूलरसमोर तुम्ही झोपायचात, एवढंच त्यात होतं. मी तिच्याशी आठवडाभर ज्या गोष्टीसाठी भांडत होतो, ती तिनं मागितलीच नव्हती.

मोठेपणीही मी कुठे विचारलं? गेल्या दिवाळीत तीच आपणहून सांगत होती. म्हणाली, दादा, जास्त मिळावं म्हणून नाही रे, म्हातारपणी रोज सकाळी उठून बाजार पडला का चढला हे मले पाहायचं नाही. मी चकली मोडत तिला सरासरी परताव्याचं गणित समजावलं. ती हसून चहा टाकायला उठली.

मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मी भांडणाची तयारी करून बसलो होतो, उत्तरं जुळवून ठेवली होती. तिनं भांडण केलं नाही. हळूच विचारलं, “दादा, बाबा खरंच असं म्हनले होते का?” बाबा, त्या क्षणी सुटायला जागा होती. तोंडातून निघून गेलं गं, माफ कर, एवढं म्हटलं असतं तर ती चार शिव्या देऊन मोकळी झाली असती. मी म्हणालो, “म्हणाले होते. तू लहान होतीस.” ती म्हणाली, मले वाटायचं बाबा असते तर माझ्या बाजूनं असते. त्यानंतर ती मोर्चाला गेली नाही. बाकीच्या शिक्षिका पुढचे दिवस तिथेच बसून होत्या आणि ही शाळेत जाऊन रिकाम्या वर्गाचे फळे पुसत होती, असं तिच्या नवऱ्यानं मला सांगितलं.

आता आईही नाही, आणि तुम्ही खरं काय म्हणाला होतात हे फक्त मला माहीत आहे. धंतोलीतल्या त्या दवाखान्यात लहान मुलांना वर सोडत नव्हते, म्हणून ती खाली बाकावर आईची पिशवी सांभाळत बसली होती. मी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला, तुमच्या उशाशी. तुम्ही म्हणालात, “तुझ्या आईले महिन्याच्या महिन्याले पेन्शन येईल. कोणासमोर हात पसरायचं काम नाही. लहानीले बी सरकारी नोकरीतच लाव, मंग तिच्या म्हातारपणाची मले फिकीर नाही.” मी तिला तुमचं अर्धंच म्हणणं पोचवलं. बाबांची इच्छा होती तू सरकारी नोकरी करावी, एवढंच. का होती, ते सांगायचं राहून गेलं, तेव्हा त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. तुमच्या शब्दाखातर ती या नोकरीत गेली, तुम्हाला जी फिकीर नको होती तीच तिच्या वाट्याला आली, आणि आईच्या त्याच पेन्शनवर एम. ए. झालेला मी टीव्हीवर बसून तिला ओझं म्हणालो. तेही तुमच्या तोंडून.

हे पत्र मी टिपणीसारखंच लिहायला घेतलं होतं. पहिल्या परिच्छेदात तिचं म्हणणं, खाली तिच्या सहीची जागा. दोनदा कागद फाडला. तिचं म्हणणं मला आता नीट लिहिता येतं, अगदी तिच्या शब्दांत. सही घ्यायला मात्र तिच्या दारात उभं राहावं लागेल आणि ती आधी वाचेल. म्हणून हे तुम्हाला लिहितो आहे. तुमच्याकडून कागद परत येत नाही. तुमचं ते हिरवं पेन तुम्ही मला मॅट्रिक झाल्यावर दिलं होतं, ते कधीचंच वाळलं आहे. हे पत्र मी त्याच्याच डबीत घडी घालून ठेवणार आहे.

एक सांगायचं राहिलं. आज सकाळी तिचा पुन्हा फोन होता. आवाजात राग नव्हता, उलट जरा आनंदच होता, आणि तो मला सहन झाला नाही. म्हणाली, “दादा, मले बाबांचं बोलनं काहीच आठवत नाही गा. तू सांगितलं ते आवडलं नाही, पन बाबांचं एक वाक्य तरी मिळालं. आनखी काही आठवते का तुले?” धंतोलीतलं ते वाक्य माझ्या ओठांवर होतं, बाबा. मी म्हणालो, आठवून सांगतो.