पहिल्या पाटीची पाळी

आई, आज शिंपल्यांची पहिली पाटी चाखायची पाळी आपल्या घराची होती. सकाळपासून मी नुसती घाबरलेय, आणि हे तुझ्याखेरीज कुणाला सांगू?

नदीतल्या शिंपल्या काढणाऱ्या बायकांची सोसायटी तू उभी केलीस, तेव्हा हा नियम तुझाच. सगळ्यांचा माल एकाच टेम्पोतून कोल्हापूरला जाणार. एकीची पाटी खराब निघाली तर बट्टा सगळ्यांना. म्हणून रोज एका घरानं त्या दिवसाच्या पहिल्या पाटीतल्या शिंपल्या शिजवून खायच्या, दुपारपर्यंत पोट ठीक राहिलं तरच टेम्पो हलायचा. एकदा एक व्यापारी नाक मुरडत दारात उभा होता. तू त्याच्यासमोर पहिला घास माझ्या तोंडात घातलास नि म्हणालीस, "माझी पोरगी खातीय. आता तुमी बसा जेवायला." तो मुकाट्यानं बसला. तुला तेव्हा जराही भीती वाटली नाही का गं?

या आठवड्यात नदीला वरून काळं पाणी आलंय. मासे उलटे होऊन काठाला लागलेत. बायका म्हणतात, "शिंपल्या तळाला असत्यात, त्यास्नी काय हुतंय?" पोटापुढे त्या तरी काय करणार? मी कांदा-लसूण घालून पातेलं चुलीवर ठेवलं. शिंपल्या उघडल्या, आणि असा काही वास सुटला की मी झाकण परत ठेवलं. दुपारी मी पोट धरून बसले, सगळ्यांना सांगितलं, कळ येतेय. टेम्पो थांबला. माल खड्ड्यात पुरला.

संध्याकाळी शेजारीण ताक घेऊन आली. आपल्याच सोसायटीतली, माझ्याच वयाची. "पडून ऱ्हा तू. आजची पाटीच खराब आसंल. उद्या आमची पाळी हाय. माझं पोट दगडाचं हाय, म्या बघती की खाऊन." हसत हसत गेली. तिला हाक मारायला मी उठले, पण दारापर्यंत जाऊन थांबले. पाटी नव्हे, नदीच नासलीय म्हणायचं, म्हणजे तुझ्या सोसायटीला कुलूप लावा म्हणायचं. तेवढं धाडस माझ्यात नाही.

ताक प्यायले मी. पोटाला काहीच झालेलं नाही, आई. मी एक घासही खाल्ला नव्हता. आणि उद्या ती खाणार आहे.