घंटेची धर्ममाता

वाल्रोक, ९ मार्च २०१४

ती. रेमीदादास,
सा. न. वि. वि.

सप्टेंबरपासून तुला पत्र नाही, क्षमा कर. सबबी पुष्कळ आहेत, पण खरं कारण लाजेचं आहे. ओदिल मावशी माझ्याशी बोलत नाही. आई गेल्यावर जिनं आपल्याला शेजारधर्म म्हणून नव्हे तर पोटची म्हणून वाढवलं, ती मला पाहून खिडकी लावून घेते.

मेयरनी मला चर्चच्या दाराशी लावायला गावाच्या इतिहासाचा फलक लिहायला सांगितला होता. नदीचं वळण, चुनखडीचा कडा, धुण्याचा हौद, सगळं दोनदा तपासून लिहिलं. घंटेबद्दल लिहिलं, की १९२१ साली टांगण्याआधी रीतीप्रमाणे तिचा मुलासारखा बाप्तिस्मा झाला, तेव्हा धर्ममाता होत्या गढीवरच्या मादाम द लास्तूर. त्या वेळच्या वर्तमानपत्रात तसंच आहे. मावशी मात्र कायम सांगत आली, की धर्ममाता तिची आई फिलोमेन, युद्धात पहिला नवरा गेलेली धोबीण. मी ती घरगुती आख्यायिका समजले आणि मावशीला विचारलंसुद्धा नाही.

फलक वाचून मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, की तिच्या आईला खोटं पाडायला बाहेरच्या कुणाला यावं लागलं नाही. आता अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी घर बंद करून एप्रिलमध्ये काओरच्या वृद्धाश्रमात जायचं म्हणते. माझ्याकडे पुरावा आहे. तरी मी चुकले का, हे तू सांग.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
मादलेन

नांत, १५ मार्च

चि. मादलेनला अनेक आशीर्वाद.

सहा महिने गप्प, आणि मग थेट खटला. वकिलाला पाठवतेस तसं पत्र भावाला पाठवलंस. असो.

घंटेविषयी तू सगळं वाचलंस, फक्त घंटा वाचली नाहीस. तिच्या अंगावरच लिहिलेलं असतं, मी अमकी, माझे धर्मपिता तमके. पाद्रीबाबांच्या हाताखाली असताना मी ती अक्षरं पाहिली आहेत, पण तेव्हा माझं सगळं लक्ष कबुतरांच्या अंड्यांकडे. शिड्या तुला जमत नाहीत, हे माहीत आहे. नववीत असताना तुला दुसऱ्या मजल्यावरून मीच पाठुंगळी घेऊन उतरवलं होतं. तरी जा. नाव नसलं तर तेही तूच तिला सांग. निदान तू वर चढलीस एवढं तरी तिला कळेल.

तुझा,
रेमी

वाल्रोक, २३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल चढले. दहाचे ठोके आपल्याकडे दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा पडतात, म्हणून दुसऱ्यांदा वाजेपर्यंत खालीच थांबले. ते भीतीपोटी की शहाणपणानं, हे मला ठरवता येत नाही.

समोरच्या बाजूला मादाम द लास्तूरचंच नाव. खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. घंटेची मागची बाजू भिंतीकडे आहे. मध्ये हात जाईल एवढीच फट, दिसत काही नाही. बोटांना अक्षरं लागली. कागद आत सरकवून वरून कोळसा घासला, आणि उजेडात आणून वाचलं: ‘आणि गावच्या विधवांच्या वतीनं, फिलोमेन.’

दादा, मी तिथेच कबुतरांच्या विष्ठेत बसले आणि रडले. धर्ममाता दोन होत्या. वर्तमानपत्रानं एकीचंच नाव छापलं, आणि मीही तेच केलं.

तशीच काळ्या हातांनी मावशीकडे गेले. तिनं दार उघडलं, चष्मा लावला, अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, की यात नवीन काय आहे, हे मी तुला तू सहा वर्षांची असताना सांगितलंय. कॉलेजात कागद वाचायला शिकवतात, माणसाचं ऐकायला शिकवत नाहीत वाटतं. शिवाय पांढरा झगा घालून मनोऱ्यावर कोण चढतं, असंही विचारलं. मी माफी मागितली. तिनं सूप वाढलं. ताटलीच्या तळाशी थोडं उरलं, तेव्हा लाल वाइनची बाटली माझ्याकडे सरकवली. आपल्याकडच्या जुन्या रीतीनं मी उरलेल्या सुपात वाइन ओतली, ताटली उचलली आणि तोंडाला लावून प्यायले. तिनंही तसंच केलं. वृद्धाश्रमाचा अर्ज चूल पेटवायला वापरला, असं नंतर भांडी विसळताना म्हणाली.

फलक खाली उतरवला आहे. नवा मजकूर मी अजून लिहिलेला नाही. तुझी माया अशीच राहू दे, आणि टोमणेही.

तुझी,
मादलेन

(मादलेनच्या वहीतली नोंद) उद्या: नव्या फलकासाठी मावशीला विचारून तिच्या आईचं माहेरचं नाव लिहून घेणे.