ठिकाण नसलेला जिल्हा

मास्तर, तुमचा नकाशा खोटा निघाला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता सांगून उपयोग नाही, पण कुणाला तरी सांगायलाच हवं आणि या घरात मी एकटाच आहे, म्हणून हे पत्र. खिडकीबाहेर बर्फ पडतोय, समोर मुलीने पाठवलेला इंग्लंडचा नकाशा पसरलाय, आणि मला वसईतला तुमचा भूगोलाचा तास आठवतोय. भिंतीवर ब्रिटिश बेटं, हातात वेताची छडी, आणि आम्ही चाळीस पोरं उभी राहून एका चालीत ओरडतोय: वॉरिकशायर, ठिकाण वॉरिक. स्टॅफर्डशायर, ठिकाण स्टॅफर्ड. परीक्षेत यातलं काही येत नव्हतं, तरी तुमचा हट्ट. जिल्हा म्हटला की त्याला ठिकाण पाहिजे, तुम्ही म्हणायचात, ठिकाण नसलेला जिल्हा म्हणजे मुंडकं नसलेली कोंबडी. त्या तासाला ॲटलासखाली लपवलेलं माझं कवितेचं पुस्तक तुम्ही ओढून काढलंत आणि सगळ्या वर्गासमोर फडकवलंत. "हा बघा कवी! अरे, कविता थापा मारते. नकाशा कधी थाप मारत नाही." पोरं हसली. तुम्हीही हसलात, मिशीतल्या मिशीत.

आता ऐका. माझी मुलगी सॉलिहलला राहते, बर्मिंगहॅमच्या शेजारी. मी सहज विचारलं, तुझा जिल्हा कुठला? म्हणाली, वेस्ट मिडलंड्स. म्हटलं, हा कुठून उपटला? तर तुमच्या वॉरिकशायरमधून बर्मिंगहॅम आणि कॉव्हेंट्री कापली, स्टॅफर्डशायरमधून वुल्व्हरहॅम्प्टन ओढलं, वूस्टरशायरची डडली उचलली आणि गोधडीसारखा एक नवा जिल्हा शिवला. बरं, शिवला तर शिवला. मी विचारलं, ठिकाण कोणतं? कलेक्टर बसतो कुठे?

"डॅडी, देअर इज नो कलेक्टर! सात काउन्सिलं आहेत. आमचा कचरा, शाळा, रस्ते, सगळं सॉलिहल बघतं."

"मग जिल्ह्याचं काउन्सिल?"

"होतं. बंद केलं, मी शाळेत होते तेव्हा."

"आणि जिल्हा?"

"जिल्हा आहे."

म्हणजे बघा मास्तर, कचेरी गेली, साहेब गेले, शिपाई गेला आणि जिल्हा तेवढा राहिला! समारंभाला राजाच्या वतीने कुणी एक गृहस्थ येतो म्हणे. पुढे त्यांनाच करमेना, म्हणून सातही काउन्सिलांची मोट पुन्हा बांधली आणि वर एक महापौर बसवला. या लोकांनी आम्हाला राज्यकारभार शिकवला! आणि बर्मिंगहॅम-कॉव्हेंट्रीच्या मधे, जिथे अजून शेतं आणि मेंढ्या आहेत, तिथल्या एका खेड्यात दगडी खांब उभा आहे. हा इंग्लंडचा मध्य, असं ते गाव सांगतं. जिल्ह्याला डोकं नाही, पण देशाची बेंबी मात्र यांच्याकडे.

हे मी मुलीला अगदी मीठमसाला लावून ऐकवलं, कारण तिला माझं उत्तर हवंय. बायको गेल्यापासून ती मागे लागली आहे, घर विका आणि इकडे या. जिना जड पडतोय तुम्हाला, बर्फ शोव्हल कोण करणार? रविवारपर्यंत सांगा. मी म्हटलं, "ज्या जिल्ह्याला ठिकाण नाही तिथे मी येत नाही." मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. मग हळूच म्हणाली, "ठिकाण मी आहे ना, डॅडी."

मी "बघू" म्हणून फोन ठेवला.

तुमच्यावरचा माझा राग तेव्हा दुप्पट झाला, कारण तिने तुमचाच नियम माझ्यावर उलटवला. शेजारचा म्हातारा ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होता; आमचं गावही केंब्रिजच, पण इंग्लंडातलं नव्हे, समुद्रापलीकडचं. त्याला बाहेर जाऊन विचारलं, बाबा रे, तू केंब्रिजला किती वर्षं आहेस? तो फावड्यावर रेलला. "केंब्रिज? नेव्हर हर्ड ऑफ इट. आय ॲम फ्रॉम गॉल्ट." त्याचा हा जुनाच विनोद. गॉल्ट, प्रेस्टन, हेस्पेलर ही तीन गावं सरकारने एकत्र करून केंब्रिज केलं, वर जिल्ह्यासारखं एक रीजन बसवलं. लायब्ररी सिटीची, कचरा रीजनचा. आणि मीसुद्धा मास्तर, कुणी विचारलं तर गॉल्टच सांगतो. माझ्या नोकरीचा कारखाना गॉल्टला होता, नदीकाठचं चर्च गॉल्टला आहे, बायकोला पुरलं ते गॉल्टला. ज्या गावाला ना महापौर ना कचेरी, त्या गावात मी पन्नास वर्षं राहिलोय आणि वर बसून इंग्लंडला हसतोय.

शाळेतल्या कविता मात्र अजून जशाच्या तशा आहेत. एक ओळ हललेली नाही, कुठल्या पार्लमेंटने त्यांची हद्द बदललेली नाही. बायकोच्या शेजारी बसून मी त्या म्हणतो तेव्हा थाप वाटत नाहीत. थापाडे तुम्ही होतात, तुमच्या छडीसकट.

रविवारी मी मुलीला हो म्हणणार आहे. शेवटी मला परत गॉल्टलाच आणायचं, बायकोशेजारची जागा माझी आहे, एवढीच अट. सातही काउन्सिलांची नावं काल पाठ केली. बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री, डडली, सँडवेल, वॉल्सॉल, वुल्व्हरहॅम्प्टन, आणि सॉलिहल मुद्दाम शेवटी ठेवलं, मुलगी तिथे आहे म्हणून. चाल तुमचीच निघाली तोंडातून, दुसरी येतच नाही मला. हे वाचून तुम्ही मिशीतल्या मिशीत हसला असतात, म्हणूनच पाठवत नाही.