हत्तीवरचा हात

देवरी,
१३ जानेवारी २०२५

चि. दिव्यास अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. मी बरा आहे. धान विकून झालं. माझ्या हातचा भात अजून करपतो. तुझी आई असती तर दोन शब्द सुनावले असते.

काल बुद्धिबळ क्लबाची अंतिम फेरी झाली. समोर गुलशन, माझ्याकडे काळी मोहरी. मी तुझा बचाव खेळलो. प्यादी एकेक घरच पुढे, उंट कोपऱ्याजवळ, राजा कुठे बसणार ते शेवटपर्यंत गुलदस्त्यात. याला मी भित्र्यांचा खेळ म्हणायचो ना? गुलशन एका बाजूने चालून आला, तेव्हा मी दुसरी बाजू उघडली. बेचाळिसाव्या चालीला त्याने राजा आडवा केला.

पंच उदाराम हसून म्हणाला, "काऊन जी केशोराव, पोरीचा डाव खेळून राहिले का?"

मला रडू फुटलं. लोकांना वाटलं, जिंकल्याचा आनंद.

तीन वर्षांपूर्वी अंतिम फेरीत याच टेबलावर, याच बचावाने तू मला हरवत होतीस. जिंकेल तो जिल्ह्याच्या संघात जाणार होता. तुझा एक हत्ती घरात वाकडा बसला होता, तो तू सरळ केलास. मी लगेच म्हटलं, हात लावला, आता तोच खेळ. तू म्हणालीस, "मी आधी 'नीट करते' म्हटलं होतं. मग हात लावलेला चालतो." उदारामने मला विचारलं, "बोलली का जी पोरगी?" मी नकारार्थी मान हलवली. हत्ती हलवावा लागला, वजीर गेला, डाव गेला.

दिव्या, तू म्हणाली होतीस. मी स्पष्ट ऐकलं होतं. सगळ्यांदेखत पोरीकडून हरायची लाज वाटली, एवढंच.

घरी आई तुला म्हणाली, "बापाले खोटं पाडतेस?" मी खाली बघून जेवत राहिलो. त्याच आठवड्यात तू नागपूरला गेलीस.

काल सर्वांसमोर खरं सांगितलं. गुलशनने विजेत्यांच्या फळ्यावरचं त्या वर्षीचं माझं नाव खरवडलं आणि तुझं लिहिलं. तुझं ते वर्ष तेवढ्याने परत येत नाही, हे मला कळतं.

आईला सांगायचं राहिलं. दवाखान्यात शेवटच्या दिवशीही तिने विचारलं, "पोरगी खोटं कायले बोलली जी?" तेव्हाही मी गप्प बसलो. ती तेच मनात घेऊन गेली. तेराव्याला तू आलीस, तेव्हाही तोंड उघडलं नाही.

घरी ये म्हणायचा हक्क मला नाही. फळा बघायला तरी ये.

तुझ्याकडून हरलेला,
बाबा