फेब्रुवारी चैत्रात आला

सर,

तुमचं म्हणणं मी भर बैठकीत खोडून काढलं आणि ते सगळ्यांनी मान्य केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही सावकाश वाचाल. पेपर परत देताना तुम्हीही आधी गुण सांगायचात आणि मग चुका. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, कारण तुमच्यासमोर ताठ मानेने ठेवावं असं काही माझ्या हातून झालं नव्हतं. आता झालं आहे. ज्या शाळेत तुम्ही इतिहास शिकवलात तिथेच, त्याच कोपऱ्यातल्या वर्गात, मी इतिहास शिकवते, आणि शाळेच्या वार्षिक नियोजनात यंदा एक आठवडा रीतसर छापून आला आहे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या इतिहासाचा आठवडा. हसू नका. नांदूरघाटच्या रस्त्यावरच्या आपल्या शाळेत हे झालं आहे, आणि मी ते केलं आहे.

तुम्हाला आठवीचा तो दिवस आठवत नसेल, मला मात्र माझ्या फ्रॉकच्या रंगासकट आठवतो. आईवडिलांबरोबर मी ऊसतोडीला कर्नाटकात गेले होते. पाच महिने पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत राहून, धाकट्या भावाला सांभाळून, चैत्र लागता लागता परत आले आणि दुसऱ्याच दिवशी वर्गात येऊन बसले. तुम्ही शेवटच्या धड्यावर होता. मी हात वर करून मागच्या धड्यातलं काहीतरी विचारलं. तुम्ही खडू खाली न ठेवता म्हणालात, "इतिहास कुणासाठी थांबत न्हाई. खाली बस." वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने हसला तो पुढच्या बाकावरचा बागायतदाराचा मुलगा. तो आज आपल्या संस्थेचा सचिव आहे, त्याच्याकडे मी नंतर येतेच. मी खाली बसले आणि मनाशी ठरवलं की या माणसाच्या विषयात आपण कधी पास व्हायचं नाही. पण संध्याकाळी तुम्ही शिपायाकडून निरोप धाडलात, घरी ये म्हणून.

तुमचं ते स्वयंपाकघर. काकू चुलीपाशी भाकरी थापतायत, मी पिठाच्या डब्याला टेकून बसलेय, आणि तुम्ही पाटावर बसून माझे बुडालेले धडे एकेक करून वाचताय. बाहेर ऊन उतरलंय, पण पत्रे अजून तापलेलेच आहेत. असं परीक्षेपर्यंत रोज चाललं. वर्गात माझ्यासाठी न थांबलेला इतिहास घरी मात्र भाकरी होईपर्यंत थांबायचा. एका संध्याकाळी अमेरिका आली. गुलामगिरी संपली, असं पुस्तकात दोन ओळींत होतं. मी विचारलं, पुढं त्या लोकांचं काय झालं? तुम्ही म्हणालात, परीक्षेला एवढंच आहे. मी हट्टाने तेच पुन्हा विचारलं. चार दिवसांनी तुम्ही बीडच्या वाचनालयातून एक जाड इंग्रजी पुस्तक आणलंत, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, आणि त्यातलं मराठीत करून सांगत राहिलात. गुलामाला अक्षर शिकवणं कित्येक ठिकाणी गुन्हा होता, तरी ते चोरून शिकले. सुटका झाल्यावर पांढऱ्या केसांची माणसं नातवंडांच्या शेजारी पाटी घेऊन बसली. मी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. मी म्हणाले, सर, अशा लोकांचा वर्षातनं एक दिवस पाहिजे, आपण जयंत्या करतो तसा.

तुम्ही रागावलात. मला वाटलं होतं शाबासकी मिळेल. तुम्ही ताट बाजूला सारून म्हणालात, "बैलाला पोळा असतो. एक दिवस शिंगं रंगवायची, पुरणपोळी चारायची आन दुसऱ्या दिवशी पुन्हा जू. दिवस मागणाऱ्याला दिवसच मिळतो, पोरी. वर्ष मिळत न्हाई." मग इतिहास एकच असतो, त्याचे तुकडे पाडायचे नसतात, हेही सांगितलंत. काकू म्हणाल्या, तिला आधी खाऊ तर द्या. पुढे दिवस मागणाऱ्याचं हे वाक्य तुम्ही वर्गात, प्रार्थनेच्या वेळी, निरोप समारंभात इतक्यांदा म्हणालात की गावात ते तुमच्या नावाने चालू लागलं.

शिक्षिका झाल्यावर मला कळलं की अमेरिकेत असा पुरा महिनाच आहे, फेब्रुवारीत. आधी तो आठवडा होता. काळ्या मुलांच्या शाळांतल्या शिक्षकांनी तो वर्षानुवर्षं धरून ठेवला, तेव्हा कुठे त्याचा महिना झाला. आणि गंमत म्हणजे तिथेही लोक अजून भांडतात की हा वेगळा महिना हवा कशाला, हा काय अमेरिकेचाच इतिहास नाही? काही काळी माणसंसुद्धा तसंच म्हणतात. ते वाचताना मला तुमचाच आवाज ऐकू यायचा, आणि मी तुमचीच विद्यार्थिनी, म्हणून पहिली दहा वर्षं तुमच्याच मताने चालले. वेगळा दिवस काढायचा नाही, धडा येईल तेव्हा त्यातच सगळं विणायचं. काय विणलं? धड्यात दोन ओळी होत्या, मी अडीच शिकवल्या, आणि पोर्शन संपवायच्या घाईत वरची अर्धीही गळाली. जे वर्षभर कधीही शिकवता येतं ते कधीच शिकवलं जात नाही, सर. हे मला दहा वर्षांनी उमगलं, आणि मी चार वर्षांपूर्वी हेडमास्तरांच्या हातापाया पडून फेब्रुवारीत एक आठवडा मागून घेतला.

आठवडा छान झाला. नकाशे लावले, मुलांनी भाषणं केली, मी स्वतःवर खूश झाले. पुढच्या वर्षी पुन्हा केला, त्याच्या पुढच्या वर्षीही. आणि आता माझी चूक ऐका. ती आपल्याकडच्या माणसाच्या हातून तरी व्हायला नको होती, आणि झाली ती नेमकी माझ्या हातून. अमेरिका फेब्रुवारीत करते म्हणून मी फेब्रुवारीत केलं. आपल्याकडे फेब्रुवारीत अर्धा वर्ग फडावर असतो. आईबाप ऊस तोडतात, पोरं कोपीपाशी भावंडं सांभाळतात. ज्यांना पुस्तकात जागा मिळाली नाही अशा लोकांचा इतिहास मी तीन वर्षं मोकळ्या बाकांसमोर शिकवला. तेही मी, जी स्वतः त्या बाकांवर नसायची.

गेल्या चैत्रात फडावरून परतलेली आठवीची एक मुलगी भिंतीवरचे नकाशे बघत उभी होती. कडक पोरगी आहे, नजर खाली घालत नाही. तिने विचारलं, "मॅडम, आमी नसतानाच कामून घेता हे?" अमेरिकेचं नाव सांगायला जीभ उचलेना. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी डबा तसाच घरी आणला. यंदा मी हेडमास्तरांना लिहून दिलं की हा आठवडा चैत्रात घ्यायचा, परीक्षा संपली की लगेच, सगळी मुलं आणि त्यांचे आईबाप गावात असतील तेव्हा, आणि तो माझ्या मर्जीवर न ठेवता वार्षिक नियोजनात छापायचा. म्हणजे मी उद्या बदलून गेले तरी तो राहील.

यावर बैठक बोलावली गेली. हेडमास्तर, मी, सचिव आणि पालकांचे चार प्रतिनिधी. सचिव माणूस वाईट नाही, शाळेला पत्रे त्यानेच घालून दिले. पण तो बोलायला लागला की समोरच्याला पुढचा बाक आणि मागचा बाक आठवतो. तो म्हणाला, आपल्याच थोर माणसांच्या जयंत्या उरकता उरकत नाहीत, त्यात हे म्हणजे घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मग त्याने विचारलं की इथल्या पोरांना तुमचे आईबाप गुलाम आहेत असं शिकवायचंय का. आणि शेवटी हसत हसत त्याने तुम्हाला बाहेर काढलं. "सरच म्हणायचे ना, दिवस मागणाऱ्याला दिवसच मिळतो? तुमी तर सरांच्या लाडक्या." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुमचं वाक्य आणि तेही त्याच्या तोंडून. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी उभी राहिले. म्हणाले, गुलाम आणि ऊसतोड कामगार यांच्यात मी बरोबरचं चिन्ह काढत नाही, काढणार नाही, आणि मुलांनाही काढू देत नाही. त्या लोकांना विकलं जायचं. ते त्यांचं दुःख आहे, ते आपल्या अंगावर दागिन्यासारखं घालायचं नाही. पण दुसऱ्याचा राहून गेलेला इतिहास पाहिला की आपलं काय काय राहिलं ते पोरांना दिसतं. मग मी पोळ्यावर आले. सर पोळ्याबद्दल बोलले ते खरंच होतं, पण सरांच्या घरी बैल नव्हता. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. जू उतरवून बैलाचा खांदा हळद-तुपाने चोळतात, आणि चोळताना हाताला कळतं की कुठे सुजलंय, कुठे कातडं गेलंय. ज्याच्या खांद्याला वर्षातून एकदाही हात लागत नाही, त्याचं जू कुणी सैल केल्याचं मी पाहिलेलं नाही. दिवस मागणाऱ्याला दिवसच मिळत असेल, पण ज्याला दिवसही मिळाला नाही त्याला वर्ष मिळाल्याचं कुणाला माहीत असेल तर सांगा, मी माझा कागद परत घेते.

मग पालकांमधली एक बाई पुढे सरकली. त्या कडक पोरीचीच आई. दोनच दिवसांपूर्वी फडावरून आलेली, हातांवर पाचटाचे ओरखडे अजून ताजे. इतका वेळ ती पदर सावरून मागे बसली होती. तिने सचिवाकडे पाहिलंच नाही, मला विचारलं, "बाई, त्या बाया राबाया जायच्या तवा लेकरं कुठं ठेवायच्या?"

सर, इतकी पुस्तकं वाचली मी, पण हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता, आणि तुम्हीही नाही. उत्तर मात्र वाचलेलं होतं. मी सांगितलं की तान्ही पोरं म्हाताऱ्या बायकांकडे सोडायच्या, नाहीतर वावराच्या कडेला सावली बघून निजवायच्या आणि पिकाच्या ओळीच्या टोकाला आलं की पाजायच्या. तिने हातावरचा एक ओरखडा अंगठ्याने चोळला. मग म्हणाली, "हे लिवून ठिवलंय व्हय कुणी? आमचं न्हाई लिवलं कुणी. घ्या तुमी चैत्रात. मी येती." बाकीच्या तिघांनीही माना हलवल्या. सचिव खिडकीबाहेर बघत होता. तो म्हणाला, घ्या मग, मंडपाचं मी बघतो. त्याच्याइतकं पटकन हरायला मला जमलं नसतं, हेही कबूल करते.

आणि आठवडा झाला, सर, कसा झाला म्हणून सांगू! वर्ग पुरेना, म्हणून मंडपात बसलो. बायका लेकरं काखेत घेऊन आल्या, गडी मागे उभे राहिले. त्या पोरीने चोरून अक्षर शिकलेल्या लोकांबद्दल सांगितलं आणि पाठ केलेलं मध्येच सोडून स्वतःच्या भाषेत बोलायला लागली. शेवटच्या दिवशी मुलांनी घरी विचारून आणलेलं वाचलं. कुणाची आई कुठल्या फडावर जन्मली, थंडीत कोपीत काय गातात, ऊस वाहताना बैल कुणाचा मेला. माझ्या आईचंही एका पोराने विचारून नेलं होतं. ती पहिल्या रांगेत बसून आपलं नाव ऐकत होती आणि मी माझी राहिले नव्हते. शेजारच्या दोन शाळांनी नियोजनाचा कागद मागून नेला आहे. आष्टीकडच्या एका शिक्षकाचा फोन आला, त्याच्याकडचे बाकही फेब्रुवारीत मोकळेच असतात. मी त्याला एवढंच म्हणाले की अमेरिकेचा फेब्रुवारी आपल्याकडे चैत्रात येतो, बिनधास्त घ्या. तुकडे पडत नाहीत इतिहासाचे. जो तुकडा पडून गेला होता तो उचलून आणला, एवढंच.

परवा काकूंकडे नियोजनाचा कागद घेऊन गेले होते. त्यांना आता कमी दिसतं. मी वाचून दाखवला, तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ते असते तर लई खूश झाले असते बघ." मी हो म्हणाले. हे पत्र काही मी त्यांना वाचून दाखवणार नाही. तुम्ही असतात आणि त्या बैठकीत नुसते गप्प बसला असतात, तरी माझी उठून बोलायची छाती झाली नसती.