आगबोटीच्या तांब्याचा बंब

प्रिय द्वारकेस,

विहिरीवरचा रहाट मी केला. वेणूचा पाळणा मी केला. लोहाराकडे उभा राहून भाता पाहिला आणि घरी येऊन तसाच शिवला. उंदरांचा सापळा केला. त्यात पहिल्या दिवशी तुझा अंगठा सापडला हे खरं, पण सापळा चालतो एवढं तरी सिद्ध झालं की नाही? देवघराच्या दाराला कडी केली, ती फक्त बाहेरून उघडते, म्हणून तुला एकदा सगळी दुपार देवांच्या संगतीत काढावी लागली. आणि बंब केला. यातलं एकही काम मला कुणी शिकवलं नाही. सगळं पाहून पाहून, चुकून चुकून, या दोन हातांनी.

उद्या आपल्या नातीचं बारसं आहे. घर पाहुण्यांनी भरलंय आणि मी जे म्हणेन त्याला सगळे ‘बरं’ म्हणतायत. मांडव इकडे घालू? बरं. तिकडे घालू? बरं. अशानं माणसाचं डोकं चालतं का? उभ्या संसारात तू मला एकदा तरी न भांडता ‘बरं’ म्हणालीस का गो? आज फार जाणवलं, म्हणून हे लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं. शिकवायला बसलो की म्हणायचीस, “आदी तो सापळा नीट करा.” तेव्हा लिहून झालं की मोठ्यानं वाचणार आहे. पाहुण्यांना काय वाटायचं ते वाटो.

जाताना तू एकच मागणं मागितलंस. वेणूचं पहिलं बाळंतपण याच घरात व्हायला हवं. मी हो म्हटलं. मला त्यात काही अवघड वाटलं नाही. सुईण गावात आहे, डिंक-अळीव तू डब्यात भरून ठेवलेच होतेस. राहता राहिलं बाळंतिणीचं कढत पाणी. आणि बंबवाल्याच्या घरी कढत पाण्याची काळजी कसली?

तो बंब घरात आला तो दिवस तुला आठवतो? दासगावच्या बंदरावर जुनी आगबोट मोडीत काढली होती. तिच्या बॉयलरातला तांब्याचा पत्रा मी गाडीत घालून आणला. तू दारात उभी. “लोकं बायकोला बुगड्या आणतात. तुमी बोट आणलीत!”

मी महिनाभर ठोकत होतो. पत्रा वळवून पिंप केलं, मधोमध विस्तवाची उभी नळी बसवली, खाली जाळी, वर धुराडं, बाजूला पितळेची तोटी. नळी जिथे बुडाला मिळते तिथे सांध्यात पितळ वितळवून डाख दिला. पहिल्या पाण्याला तू खाली वाकून पाहिलंस आणि म्हणालीस, “अवो, बुडातनं पाझरतंय.”

मी म्हटलं, “तांबं आहे ते. तापलं की त्याला घाम येतो.”

तू माझ्याकडे असं पाहिलंस! पण वर्षभरात पाझर थांबला. मग मी गावभर सांगितलं, की जातिवंत तांब्याला मुरायला वेळ लागतो. माना डोलावणारे काय, दासगावात पुष्कळ!

आपल्या विहिरीचं पाणी तुला माहीतच आहे. खाडीकडेची विहीर. डाळ दुपारपर्यंत टणक, साबणाला फेस म्हणून नाही, तपेल्याला आतून पांढरं पुट. बंबालाही तेच पुट चढत गेलं. आधी तो सावकाश तापायला लागला, मग तोटी बारीक झाली, मग आतून ठोके यायला लागले. तुझं बोलणं अजून कानात आहे. “तुमच्या बोटीतला येखादा खलाशी आत र्‍हायलाय. बिचारा दार ठोकतोय, उघडा तरी!”

आणि तू उपाय सांगितलास, तोही खरा. आमसुलानं तांब्या लख्ख होतो, तर बंब का होणार नाही? मी म्हणालो, “ते यंत्र आहे, तांब्या नव्हे.” काय तो रुबाब! तू पुढे कधी बोलली नाहीस. चुलीवर गुपचूप तपेलं चढवायचीस आणि माझी चाहूल लागली की त्यावर परात झाकायचीस. मला दिसायचं गो. शेवटच्या थंडीत तर तुझे सांधे धरले होते, आणि घरात बंब असून तू परातीआडच्या पाण्यानं न्हायलीस. मी ‘काय शिजतंय?’ म्हणून विचारायचो आणि तू ‘कुळीथ’ म्हणायचीस. तेव्हाच का नाही माझं बखोट धरलंस?

असो. वेणूला दिवस भरत आले आणि विहीणबाई स्वतः कुडपणहून उतरल्या. डोंगर पायी, पुढे भाड्याची बैलगाडी, ती अंगणातच थांबवून ठेवली. पोलादपुराहून मोटार मिळते म्हटलं, तर म्हणाल्या, “पैसं दिवून हाडं कोन मोडून घील?” जावई मुंबईला गिरणीत, त्यामुळे सगळा कारभार त्यांच्याकडे. त्या ओटीवर टेकल्याही नाहीत.

“इवाय, तुमच्या घरात आता बाईमानूस नाय. मी येवस्था बगनार. पटली तर मीच हितं र्‍हाते आन सगळं करते. नाय पटली तर पोरीला गाडीत घालून कुडपनाला नेते. आमच्या झर्‍याचं पानी एका कढात डाळ शिजवतं. तुमच्या हिरीत दगुड इरगाळलाय.”

दगड विरघळलाय! न शिकलेली बाई, पण बोलली ते तंतोतंत. मला राग आला तो त्याचाच.

वेणूचं तोंड उतरलं. तिला इथेच राहायचं होतं, तुझ्या खोलीत, तुझ्या बाजेवर. भरल्या दिवसांत ती पोर डोंगर चढून जाणार कशी? पण सासूपुढे ती काय बोलणार? मी म्हटलं, “विहीणबाई, आमच्याकडे बंब आहे,” आणि मोठ्या ऐटीत पेटवला. सकाळचा पेटवला तो जेवणवेळेला कोमट झाला. तोटी फिरवली. ठिप्. मग बर्‍याच वेळानं दुसरी ठिप्.

विहीणबाई कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. “इवाय, ह्यो बंब हाय का म्हादेवाचं अभिषेकपात्र?”

त्या परसात गेल्यावर वेणू हळूच म्हणाली, “आबा, आई सांगायची ते करून बघा ना. तिची आमसुलं फडताळात आहेत.”

मी न्हाणीचं दार आतून लावून घेतलं. तुझा सल्ला ऐकताना कुणी मला पाहू नये, दुसरं काय! बरणीतली सगळी आमसुलं बंबात घातली, वर पाणी, खाली मंद विस्तव. आत फसफस सुरू झाली. मी कान लावून बसलो. दोन दिवस ते आंबट पाणी आत ठेवलं आणि मग तोटीच उतरवून टाकली. काय पडलं म्हणून सांगू! पापुद्रे, खपल्या, शिंपल्यांसारख्या जाड खापऱ्या. सूपभर निघालं. विहीणबाईंनी एक तुकडा उचलून उन्हात धरला. “आन ह्ये पानी तुमी पीत व्हता? पोटं हायत का चुन्याच्या भट्ट्या?”

मी ऐकतोय कुठे? आत हात घातला होता ना! आतून तांबं नव्या नवरीसारखं झळकत होतं. बंब तीन पाण्यांनी खळबळून घेतला, भरला, पेटवला आणि बाजूला उभा राहिलो, की आता पाहा.

चुंय्.

निखाऱ्यावर थेंब पडला. मग दुसरा. मग धारच लागली आणि विस्तव विझून न्हाणीत राखेचा चिखल झाला.

पालथा करून पाहिलं. नळी जिथे बुडाला मिळते तिथे नख जाईल एवढी फट! माझ्या डाखानं तिथे कधी धरलंच नव्हतं. बॉयलरच्या पत्र्यावरची काजळी नीट न काढताच मी डाख दिला होता. ती फट आपल्या विहिरीनं पहिल्या वर्षात पांढऱ्या पुटानं बुजवली आणि पुढे इतकी वर्षं माझी लाज राखली. ज्या पाण्याला मी शिव्या घातल्या त्यानं! आणि मी म्हणे तांबं मुरलं! तू असतीस तर हसून हसून भिंतीला टेकली असतीस.

विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी गाडीवानाला हाक मारली. “गाडी जुप रे.”

वेणूनं गाठोडं बांधायला घेतलं. गाठ बसेना तिला. तेव्हा मला तुला दिलेला शब्द दिसला, गाडीत बसून घाटाकडे निघालेला.

म्हटलं, “विहीणबाई, दिवस मावळेपर्यंत थांबा.”

“बैलांना इसावा दिते. तुमाला नाय.”

“तुम्हालाही नाही मिळणार. भाता ओढायला माणूस हवंय.”

विहिणीचा मान म्हणजे खण-नारळ, हे मला समजत नाही का? मी त्यांच्या हातात भात्याची दोरी दिली! त्यांनी दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर खोचला. “जोरात का बेतानं?” म्हणाल्या. मी सांगितलं, मी ‘पुरे’ म्हणेपर्यंत जोरात.

या खेपेला घाई केली नाही. फटीच्या कडा जुळवून ठोकल्या, तांब्याचे रिवेट मारले, डाख नीट धरावा म्हणून सगळीकडे टाकणखार लावला आणि डाखाच्या पितळेचे कण पेरले. आमसुलानं तांबं असं चोख झालं होतं, की निखाऱ्याची धग बसताच डाख वितळला आणि पाण्यासारखा कडेकडेनं धावला. असा डाख मी जन्मात पाहिला नव्हता. विहीणबाईसुद्धा भाता सोडून वाकल्या. “आगो बया, सोनं पळतंय!” “भाता! भाता!” मी ओरडलो. विहिणीवर ओरडलो गो! त्यांनी मुकाट दोरी धरली.

निवल्यावर बंब भरला आणि खाली कोरडी राख पसरली. थेंबाचा डागसुद्धा पडला नाही. मग पेटवला. थोड्याच वेळात आत पाणी गुणगुणायला लागलं, ठोका म्हणून नाही.

“मीच न्हाते आदी,” विहीणबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी आणि वेणू ओटीवर. अंगणात गाडीवान बैलांशी. “जुपू का सोडू?” त्यानं विचारलं. मी काय सांगणार? आतून नुसता तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज. ओततायत, ओततायत. सूर्य खाडीपलीकडे टेकला. शेवटी हाक आली, “इवाय, बंब भरा आनकी!”

बाहेर आल्या त्या लाललाल होऊन. म्हणाल्या, “सोलांचा वास येतोय अंगाला.” मग अंगणाकडे वळून, “आरं, बगतोस काय? सोड ती गाडी!”

वेणूनं गाठोडं तिथेच सोडलं.

नात तुझ्या बाजेवर झाली. नाकानं तुझ्यावर गेलीय आणि आवाजानंही. विहीणबाई दोन्ही वेळा मायलेकींना शेकून-माखून न्हाऊ घालतात आणि येईल त्या बाईला न्हाणीत नेऊन दाखवतात, “ह्यो बंब आमी बनिवला.” आमी! मी त्यावर अवाक्षर बोललो नाही. तुझी शपथ, नाही बोललो.

आता वचन देतो. दर अवसेला बंब रिकामा करीन आणि आमसुलाच्या पाण्यानं आतून धुईन. न्हाणीचं दार न लावता. कुणी विचारलं तर सांगीन, की ही द्वारकेची रीत. आणि मी जिवंत असेपर्यंत हा बंब या घरातून बाहेर जाणार नाही.

हे नुसतं बोलणं समजू नकोस. आज महाडाहून तांबट बारशाची भांडी घेऊन आला होता. न्हाणीत हात धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही. जाऊन पाहतो तर बोटानं पत्रा वाजवतोय. म्हणाला, “आबा, एवढा जाड पत्रा आता शोधून मिळत नाही. हा मला द्या. बदल्यात कोरा बंब देतो, आणि वर रोख पैसे.” मागे विहीणबाई मला ‘घ्या, घ्या’ म्हणून कोपरानं ढोसत होत्या. मी नाही म्हटलं. तीस रुपये देत होता गो. तीस!

तुझा,
ज्याचं नाव तू फक्त उखाण्यात घेतलंस तो,
धोंडू