एप्रिलचा अंक

१६ नोव्हेंबर

बायंडरकडे! माझी मासिकं, मला न विचारता, बायंडरकडे!

निनाद म्हणतो, "बाबा, सरप्राइज होतं. ऐंशीव्या वाढदिवसाला लाल कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं." चिरंजीव बँकेत मॅनेजर, त्यांना सगळे कागद सारखेच! अमेरिकेतल्या काउबॉयच्या नि आगगाड्यांच्या गोष्टींचे सत्तावीस अंक, माझ्या जन्माआधीचे. नुसता हात लावला तरी कडा झडतात. आणि बायंडर आधी काय करतो? मुखपृष्ठ फाडतो!

१७ नोव्हेंबर

तेलीबागच्या घरून अमीनाबादला बायंडरचं दुकान गाठेपर्यंत नऊ अंक सोललेले. तांबड्या आभाळाखाली उधळलेला घोडा, दरीवरून धूर सोडत निघालेलं इंजिन — सगळं गोणीत!

"बाबूजी, कवर तो वैसे भी फटे थे."

फटे थे! तुमचा सदरा फाटला म्हणून कोणी तुमची कातडी काढतं का? मी स्वतः गोणीत हात घालून नऊच्या नऊ मुखपृष्ठं बाहेर काढली. शिवण मात्र उसवून झाली होती, तेव्हा आता बांधणं आलंच. मुखपृष्ठांसकट — तीनदा बजावलं.

मग त्यानं अंक क्रमानं लावले नि चष्म्यावरून पाहिलं. "मार्च के बाद सीधे मई? अप्रैल कहाँ गया?"

"एक ड्रायव्हर खा गया," मी म्हटलं. एप्रिलच्या जागी कोरी पानं घालायला सांगून आलो.

१८ नोव्हेंबर

त्या प्रश्नानं सगळं पुन्हा वर आलं.

विल्मॉट. इंजिन ड्रायव्हर, मी रेल्वेत इंजिनिअर होतो तेव्हाचा. दर महिन्याला एक अंक आणून द्यायचा. त्याच्या वडलांचा साठा. मी त्याला शाळेत आमच्या गुरुजींनी शिकवलेल्या कविता म्हणून दाखवायचो. एक अक्षर कळत नसे, तरी मांडीवर ताल धरायचा! गुरुजी शेवटचं कडवं मुद्दाम दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवत. आम्ही पोरं तळमळत घरी जायचो. मार्चचा अंक तसाच संपतो — पुराचं पाणी चढलंय, गाडी पुलाच्या तोंडाशी उभी, पुढचं एप्रिलमध्ये.

आणि एप्रिल नाहीच! म्हणे, "साहब, मैं आपके घर देकर आया." कुणाला दिलास? घरी तर कुणी पाहिला नाही! खोटारडा. चांगली किंमत आली असेल, विकला असेल. १९८० साली तो ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा स्टेशनवर पत्ता लिहून दिला. मी त्याच्यादेखत फाडला. बरं केलं!

२० नोव्हेंबर

जेवताना नातीची मखलाशी. "आजोबा, नेट पे ढूँढ दूँ? पीडीएफ मिल जाएगी."

मला पीडीएफ नको, वेदिका! मला तो अंक हवा. विल्मॉटनं दडपलेला! त्याच्यासारखा लबाड माणूस अख्ख्या रेल्वेत —

"पुरे आता," आमची ही म्हणाली नि ताटावरून उठली. अर्धी पोळी तशीच.

चव्वेचाळीस वर्षं झाली, वसुधेला विल्मॉटचं नाव खपत नाही. पूर्वी वाटायचं, माझी बाजू घेते.

२१ नोव्हेंबर

एप्रिल सापडला. वसुधेच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत. तिनंच काढून दिला.

"यात पूल कोसळतो. पाहायला गेलेला इंजिनिअर बुडतो. तुम्ही दुसऱ्या दिवशी घाघरा नदीवरच्या पुलाच्या पाहणीला निघाला होतात, निनाद पोटात. असलं अभद्र हातात कसं देणार? परत आलात की देणार होते. तोवर तुम्ही त्या माणसाला चोर ठरवून बसला होतात, मग सांगायचा धीरच झाला नाही."

तो घरी देऊन गेला होता.

मी पत्ता फाडला.